सहा दिवसांचा नाताळ : बाखच्या ऑरेटोरिओचा आणि त्याच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास

योहान सेबास्टियन बाखचा 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' सहा भागांचा आहे आणि हे सहा भाग सहा वेगवेगळ्या दिवसांसाठी लिहिले गेले. पहिले तीन २५, २६ आणि २७ डिसेंबर १७३४ साठी, चौथा १ जानेवारी १७३५ साठी, पाचवा नववर्षानंतरच्या रविवारसाठी (तो त्या वर्षी २ जानेवारीला आला) आणि सहावा ६ जानेवारीच्या एपिफनी सणासाठी. गाव जर्मनीतले लाइपझिग; जागा तिथली सेंट निकोलस आणि सेंट थॉमस ही दोन मोठी ल्यूथरपंथी चर्चे. सगळे भाग एकापाठोपाठ वाजवले तर सुमारे अडीच तास लागतात, पण असे सलग ऐकवणे बाखच्या मनातच नव्हते. आज या कृतीचे जे जे ध्वनिमुद्रण निघते ते त्या सहा दिवसांना एका पेटीत बसवते. ते चांगले की सुमार हे ठरवताना या मूळ वाटणीकडे पाठ फिरवून चालत नाही.

बाख १७२३ पासून सेंट थॉमसचा कांटोर होता. शहरातल्या मुख्य चर्चच्या संगीताची व्यवस्था पाहायची, आणि थॉमस शाळेतल्या मुलांना शिकवून त्यांच्याकडून ते गाऊन घ्यायचे, ही त्याची नोकरी. लाइपझिगमध्ये नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंट काळात पहिला रविवार सोडला तर चर्चमध्ये वाद्यवृंदासह संगीत होत नसे. म्हणजे तीन आठवडे वाद्यांविना गेल्यावर २५ डिसेंबरच्या सकाळी जे संगीत सुरू होई, त्याची लोक वाट पाहत असणार. त्या सकाळी ऑरेटोरिओचा पहिला भाग सेंट निकोलसमध्ये झाला आणि तोच दुपारच्या उपासनेत सेंट थॉमसमध्ये. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा हे भाग दोन्ही चर्चमध्ये झाले; तिसरा आणि पाचवा फक्त सेंट निकोलसमध्ये. हे इतके नेमके सांगता येते, कारण लोकांच्या हातात देण्यासाठी छापलेली शब्दांची पुस्तिका टिकून राहिली आहे आणि तिच्यात प्रत्येक भागाची जागा व वेळ दिलेली आहे. बाखच्या हातचे मूळ स्वरलेखनही बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे.

कृतीची बांधणी समजायला मराठी वाचकाला कीर्तन आठवणे पुरेसे आहे. तिथे आख्यान पुढे सरकते, मध्येच बुवा थांबून निरूपण करतात आणि सगळ्यांच्या ओळखीचा अभंग येतो. इथे आख्यान बायबलचे: लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि शेवटच्या दोन भागांत मत्तयचा दुसरा. ते 'इव्हँजेलिस्ट' म्हणजे सुवार्तिक सांगतो, आणि हे काम टेनर आवाजाचे. निरूपणाची जागा आरिया घेतात. त्यांत कथेतल्या प्रसंगावर एकट्या भाविकाचे मनोगत असते. अभंगाच्या जागी कोराल, म्हणजे चर्चमधल्या प्रत्येकाच्या कानात बसलेली ल्यूथरपंथी स्तोत्रे, बाखने चार आवाजांत मांडलेली. अशा लहानमोठ्या एकूण ६४ रचना आहेत. नाताळाची कथा संगीतातून सांगण्याची जर्मन परंपरा याहून जुनी. हाइनरिख श्यूट्झने ड्रेस्डेनच्या दरबारासाठी १६६० मध्ये तशी कृती केली होती. बाखने या परंपरेचा विस्तार केला आणि कथा उपासनेच्या सहा दिवसांवर पसरवली. नव्या शब्दांचा कर्ता बहुधा पिकांडर या टोपणनावाने लिहिणारा क्रिस्टियान फ्रीडरिख हेनरिकी असावा, असे अभ्यासक मानतात. पुस्तिकेवर मात्र कवीचे नाव नाही.

या कृतीतले बरेचसे मोठे संगीत नाताळासाठी जन्मलेलेच नाही. ते आधी राजघराण्याच्या स्तुतीसाठी लिहिले गेले. ५ सप्टेंबर १७३३ रोजी सॅक्सनीच्या राजपुत्राच्या अकराव्या वाढदिवशी बाखने एक संगीतनाटिका सादर केली. तिचा विषय होता दोन वाटांच्या तिठ्यावर उभा राहिलेला तरुण हर्क्युलिस: एका बाजूला सुखविलास, दुसऱ्या बाजूला सद्गुण. त्याच वर्षी ८ डिसेंबरला राजपुत्राच्या आईच्या वाढदिवसासाठी दुसरी रचना झाली. ५ ऑक्टोबर १७३४ रोजी तिसरी झाली, राजा ऑगस्टस तिसरा याच्या पोलंडच्या गादीवरील निवडीच्या वर्षदिनी. अशा रचना एका दिवसाच्या. समारंभ संपला की ते शब्द पुन्हा कोणाच्या कामाचे नसत, आणि त्यांवर ओतलेली मेहनत मात्र वाया घालवण्यासारखी नव्हती. पहिल्या रचनेतल्या सहा, दुसरीतल्या चार आणि तिसरीतली एक अशा अकरा चाली बाखने उचलल्या आणि त्यांवर नाताळाचे शब्द बसवून घेतले. सहावा भाग जवळजवळ सगळाच एका हरवलेल्या चर्च-कांटाटावरून, म्हणजे उपासनेत गायल्या जाणाऱ्या रचनेवरून, आला. कोराल, सुवार्तिकाचे कथन आणि दुसऱ्या भागाच्या आरंभीचे वाद्यसंगीत नवे आहे. आरियांपैकी पूर्णपणे नवी अशी एकच, तिसऱ्या भागातली, आल्टो आणि एकट्या व्हायोलिनसाठी. तिच्या हस्तलिखितात खाडाखोड भरपूर आहे. बाकी पानांवर सराईत नकलेचा वेग दिसतो, इथे रचनाकार शोधताना दिसतो.

एकोणिसाव्या शतकातल्या काही बाखभक्तांना दरबारी चालींची ही उसनवारी खटकली. पवित्र संगीताचे मूळ राजाच्या वाढदिवसात असावे हे त्यांना पटेना. पण बाखच्या काळी राजाची स्तुती आणि देवाची स्तुती यांची वाद्ये, ताल आणि थाट एकच होते. ट्रंपेट आणि नगारे राजाचे, म्हणून ते राजांच्या राजाचेही. दरबारी मुळाचा अभिमान किंवा लाज बाळगण्यापेक्षा ते नीट ऐकणे महत्त्वाचे. कोणतेही ध्वनिमुद्रण चांगले की उणे हे शेवटी यावर ठरते, की त्यात दरबाराची मिरवणूक आणि चर्चमधली शरणागती एकाच वेळी ऐकू येते का.

पहिलेच समूहगान याची साक्ष देते. राणीच्या वाढदिवसाच्या मूळ रचनेत ते नगाऱ्यांना आणि ट्रंपेटांना उद्देशून होते. म्हणून सुरुवातीला टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले नगारे, एकटेच वाजतात. बासऱ्या आणि ओबो त्यांना उत्तर देतात, मग ट्रंपेट येतात, व्हायोलिनच्या धावत्या सुरावटी खाली उतरतात, आणि गायकवृंद नगाऱ्याचेच सूर एका आवाजात, खालच्या पट्टीत उच्चारत शिरतो. नाताळाच्या शब्दांत नगाऱ्याचा उल्लेखच राहिला नाही, चाल तीच राहिली. ऑरेटोरिओच्या हस्तलिखितात बाखने सवयीने आधी जुनेच शब्द लिहिले, मग ते खोडून नवे घातले. ती खोडलेली ओळ आजही पाहता येते.

या ट्रंपेटांमागे एक दुःखद घटनाही आहे. लाइपझिगच्या शहर-वादकांचा प्रमुख गॉटफ्रीड रायखे याच्या श्वासावर आणि ओठांवर विसंबून बाखने अनेक वर्षे ट्रंपेटचे अवघड भाग लिहिले होते. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री राजासमोर, मशालींच्या उजेडात, चौकात ती तिसरी रचना झाली. दुसऱ्या दिवशी रायखे झटका येऊन वारला. आदल्या रात्रीचे श्रम आणि मशालींचा धूर यांनी त्याला त्रास झाला होता, असे शहराच्या त्या वेळच्या बखरीत नोंदलेले आहे. तीन महिन्यांच्या आत आलेल्या नाताळात ट्रंपेट दुसऱ्याच कोणाच्या हातात होते आणि तरीही बाखने ते भाग सोपे केले नाहीत.

बाख १७५० मध्ये वारला. स्वरलेखन त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याच्याकडे आणि पुढे बर्लिनच्या 'सिंगअकाडेमी' या गायनसंस्थेकडे गेले. याच संस्थेत फेलिक्स मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बाखचा 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभा केला होता. नाताळाची कृती मात्र आणखी काही दशके पडून राहिली. १८४४ मध्ये ब्रेस्लाउ इथे योहान थिओडोर मोझेव्हियसने तिचे काही भाग केले. १८५६ मध्ये बाख-गेझेलशाफ्ट या संस्थेच्या समग्र आवृत्तीत ती छापून निघाली, आणि १७ डिसेंबर १८५७ रोजी सिंगअकाडेमीने एडुआर्ट ग्रेलच्या संचालनाखाली ती पुन्हा लोकांसमोर आणली. सव्वाशे वर्षांनी ऐकणारे हे लोक उपासनेला आलेले भाविक नव्हते, तिकीट काढून आलेले श्रोते होते. समोर हौशी गायकांचा प्रचंड समूह होता आणि भाग एकापाठोपाठ एक चालले होते. पुढच्या शंभर वर्षांची प्रथा इथेच पडली: मोठा समूह, भारदस्त लय, मैफलीचे सभागृह. सुरुवातीची ध्वनिमुद्रणे या प्रथेचीच अपत्ये आहेत.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चारपाच मिनिटांचेच संगीत मावे. त्यामुळे सुटे कोराल किंवा एखादी आरिया यांपलीकडे जाणे कठीण होते. १९४८ मध्ये लाँगप्ले आली, एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त संगीत बसू लागले आणि एवढ्या मोठ्या कृती घरात शिरल्या. १९५५-५६ मध्ये फ्रिट्झ लेहमान बर्लिनमध्ये आर्काइव्ह कंपनीसाठी या कृतीचे मुद्रण करत होता. १९५६ च्या गुड फ्रायडेला म्युनिकमध्ये 'सेंट मॅथ्यू पॅशन' चालवताना त्याला मृत्यू आला. राहिलेले काम ग्युंटर आर्न्टने पुरे केले. त्या मुद्रणात हेल्मुट क्रेब्सचा सुवार्तिक आजही सरळपणामुळे ऐकावासा वाटतो. १९५८ मध्ये खुद्द लाइपझिगच्या थॉमस चर्चचा मुलांचा वृंद आणि गेवांडहाउस वाद्यवृंद यांना घेऊन तेव्हाचा कांटोर कुर्ट थॉमस याने ध्वनिमुद्रण केले. डीट्रिख फिशर-डीस्काउ त्यात बासचे भाग गातो. बाखच्या गावातली मुले बाखचे संगीत गात आहेत याला मोल आहेच. वाद्ये आणि लय मात्र पूर्णपणे विसाव्या शतकाची.

या पिढीचे शिखर म्हणजे कार्ल रिख्टरचे १९६५ चे म्युनिकमधले मुद्रण. गुंडुला यानोविट्झ, क्रिस्टा लुडविग, फ्रिट्झ वुंडरलिख आणि फ्रान्झ क्रास हे चार एकलगायक, आणि ट्रंपेटवर मोरिस आंद्रे. वुंडरलिख पुढच्याच वर्षी, १९६६ च्या सप्टेंबरात, अपघातात गेला. त्यामुळे या तबकड्यांना एक वेगळीच किंमत आली, पण ती नसती तरी त्याचे गाणे अढळ राहिले असते. कथा सांगताना तो एकही शब्द गिळत नाही आणि एकही शब्द सजवत नाही. आंद्रेच्या छोट्या आधुनिक ट्रंपेटचा आवाज इतका स्वच्छ आणि निर्धोक आहे, की रायखेला ज्याची धास्ती वाटली असेल ती जोखीमच तिथे उरत नाही. रिख्टरचे कोराल सावकाश चालतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी थबकतात. आज ते जड वाटतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्या जडपणामागे आळस नाही, प्रार्थना आहे. तो प्रत्येक कोरालला धर्मसभेच्या मुखातले वचन मानत होता. ही धारणा ज्याच्या कानाला जाणवली नाही, त्याने या मुद्रणाला जुनाट म्हणून बाजूला सारणे उतावीळपणाचे होईल.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वारे फिरले. व्हिएन्नात निकोलाउस हार्नोन्कूर आपल्या 'कॉन्सेन्टुस मुझिकुस' या वाद्यवृंदाबरोबर जुन्या घडणीची वाद्ये वाजवत होता. बाखचे सगळे चर्च-कांटाटा त्याने आणि गुस्टाफ लेओनहार्टने वाटून घेऊन १९७१ पासून मुद्रित करायला घेतले; ते काम १९८९ पर्यंत चालले. त्याच सुमारास हार्नोन्कूरने 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' केला. सोप्रानोचे भाग एका मुलाने गायले, आल्टो पुरुषाने, समूहगान व्हिएन्नाच्या मुलांनी आणि पुरुषांनी. लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, म्हणून हा आग्रह. आतड्याच्या तारा, लाकडी बासऱ्या, झडपांविना नळीसारखे लांब ट्रंपेट या सगळ्यांनी रंग पालटला. पट्टीही खाली आली: आजच्या ४४० कंपनांऐवजी 'ला' सूर ४१५ वर, सुमारे अर्धा सूर खाली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे मुद्रण खडबडीत वाटते. ट्रंपेट घसरतात, मुलाचा श्वास पुरत नाही, वाक्ये तुटक येतात. तरीही संगीतातल्या नृत्याचा ठेका या मुद्रणाने मोकळा केला. त्यानंतर कोणालाही जुन्या सवयीने, न विचारता वाजवणे शक्य राहिले नाही.

त्या काळात सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे 'ओबो दा काच्चा'. हे वाकडे, चामड्याने मढवलेले, तोंडाशी पितळी कर्णा असलेले वाद्य बाखनंतर लवकरच नाहीसे झाले. पुढे बरीच वर्षे त्याच्या जागी इंग्लिश हॉर्न वाजवला गेला, आणि त्याचा सूर मऊ, काहीसा खिन्न. लाइपझिगचा कारागीर योहान हाइनरिख आइखेनटोफ याने घडवलेली मूळ वाद्ये स्कॅंडिनेव्हियातल्या संग्रहालयांत सापडली, त्यांच्यावरून नवी घडवली गेली, आणि दुसऱ्या भागाचे आरंभीचे वाद्यसंगीत वेगळेच ऐकू येऊ लागले. त्यात ट्रंपेट किंवा नगारे नाहीत. एका बाजूला तारवाद्ये आणि बासऱ्या, दुसऱ्या बाजूला चार ओबो: दोन 'दामोरे', दोन 'दा काच्चा'. बाखचे चरित्र लिहिणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झरने त्यात देवदूत आणि मेंढपाळ यांचा संवाद ऐकला. आधी दोघे आळीपाळीने वाजवतात, शेवटी एकत्र येतात. इंग्लिश हॉर्न असेल तर मेंढपाळ शहरी वाटतात. 'दा काच्चा' असेल तर त्यांच्या आवाजाला माळरानाची धार येते. एखाद्या मुद्रणाची पारख करताना ही पाचसात मिनिटे आधी ऐकावीत. वाद्यांच्या निवडीत आणि माइकच्या मांडणीत संचालकाने किती विचार केला आहे हे तिथेच कळते.

१९८० नंतर जुनी वाद्ये हातात मुरली. जॉन एलियट गार्डिनरचे १९८७ चे मुद्रण त्याचा पुरावा आहे. माँटेव्हर्डी कॉयर या त्याच्या गायकवृंदात प्रौढ, शिकलेले गायक आहेत. लय चपळ, शब्द धारदार. रिख्टरला तीन सीडी लागतात, गार्डिनरचे काम दोन सीडींत होते. फरक फक्त वेगाचा नाही, दोघांच्या नाताळाच्या कल्पनेचाही आहे. १९९९ च्या नाताळात गार्डिनरने हीच कृती वायमारच्या हेर्डर चर्चमध्ये केली. बाखची थोरली मुले विल्हेल्म फ्रीडेमान आणि कार्ल फिलिप इमान्युएल यांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला होता, आणि बाखचे कांटाटा वर्षभर गावोगाव नेण्याचा गार्डिनरचा उपक्रम तिथून सुरू झाला. बेल्जियमच्या फिलिप हेरेवेखेने १९८९ मध्ये हीच सामग्री वेगळ्या स्वभावाने हाताळली. त्याच्याकडे कोराल बोलल्यासारखे येतात, झळाळी कमी, ओलावा जास्त. रेने याकोब्सचे १९९७ चे मुद्रण रंगमंचाच्या जवळ जाते, त्यामुळे हर्क्युलिसची आठवण सतत जागी राहते. मासाआकी सुझुकीने १९९८ मध्ये जपानी वृंदाकडून जे करून घेतले त्यात सूरमेळाची शुद्धता थक्क करते. भाषा परकी असूनही उच्चार काटेकोर आहेत, आणि सुवार्तिक गेर्ट ट्युर्क कथेला घाई करत नाही.

गायक किती असावेत हा वाद याच वर्षांत पेटला. बाखने २३ ऑगस्ट १७३० रोजी लाइपझिगच्या नगरसभेला लिहिलेल्या निवेदनात प्रत्येक आवाजाला निदान तीन, शक्य तर चार गायक हवेत असे म्हटले होते. अमेरिकन अभ्यासक जोशुआ रिफकिनने १९८१ मध्ये मांडले, की प्रत्यक्षात बहुतेक रचना एका आवाजाला एकच गायक घेऊन होत. निवेदनातला आकडा हा गायकांचा साठा आहे, एका प्रयोगातला समूह नव्हे. अभ्यासकांत आजही यावर एकमत नाही. स्कॉटलंडच्या डनेडिन कन्सॉर्टने २०१६ मध्ये चार चार गायकांचे दोन संच घेऊन हा ऑरेटोरिओ मुद्रित केला. थोडक्या आवाजांत आतल्या सुरावटी स्वच्छ दिसतात, एकलगायक आणि समूह यांतला भेद मावळतो. पण पहिल्या समूहगानात तीन ट्रंपेट आणि टिंपनी यांच्यासमोर हे गायक टिकवण्यासाठी मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला तराजू सतत हातात धरावा लागतो.

तबकड्यांच्या परीक्षणाचा व्यवसायही याच काळात मोठा झाला. कॉम्प्टन मॅकेंझीने १९२३ मध्ये लंडनला 'ग्रामोफोन' मासिक सुरू केले. एकाच कृतीची अनेक मुद्रणे शेजारी ठेवून, तोच तुकडा वाजवत तुलना करायची ही पद्धत पुढे बीबीसीच्या रेडिओवर रूढ झाली. ती उपयुक्त आहे, पण तिच्यात एक धोका आहे. दोन मिनिटांच्या तुकड्यात चमकणारे मुद्रण दोन तासांत थकवू शकते. या कृतीच्या बाबतीत तर तो धोका फारच मोठा, कारण सगळे परीक्षक पहिल्या समूहगानापाशी थांबतात.

त्या समूहगानात तीन गोष्टी तपासाव्यात. टिंपनी लाकडी टोकाच्या काठीने वाजते की मऊ गुंडाळलेल्या काठीने, म्हणजे पहिला ठोका टणक आहे की गुबगुबीत. तीन मात्रांचा ठेका खरोखर नाचतो का. आणि गायकवृंद खालच्या पट्टीत शिरतो तेव्हा शब्द ऐकू येतात का, की वाद्ये त्यांना गिळतात.

त्यानंतर दुसऱ्या भागातली अंगाई ऐकावी. हर्क्युलिसच्या नाटिकेत ती सुखविलासाच्या तोंडी होती: सोप्रानो आवाज, राजपुत्राला झोपेच्या मोहात पाडणारा. इथे तीच चाल खाली, आल्टोच्या पट्टीत आली आणि गव्हाणीतल्या बाळासाठी झाली. गायिकेच्या किंवा गायकाच्या सुरावर एक सप्तक वर बासरी तीच सुरावट वाजवते. आरंभीचा सूर इतका लांब धरायचा आहे, की श्वासाची कच्ची तयारी लगेच उघडी पडते. धातूची आधुनिक बासरी त्या सुरावर चकाकते; लाकडी बासरी त्यात मिसळून जाते आणि आवाजाला फक्त एक उजळ कड देते. चांगल्या मुद्रणात मोहाचा तो जुना गोडवा पुरता पुसलेला नसतो, तरी अंगाई निष्पाप वाटते. पहिल्या भागातली आल्टोची आरिया आणखी अवघड. मूळ नाटिकेत त्या चालीवर हर्क्युलिस विलासाला झिडकारतो. नव्या शब्दांत ती वराच्या स्वागताची तयारी आहे. फार टोकदार वाजवली तर झिडकार उरतो, फार गुळगुळीत केली तर काहीच उरत नाही.

कोरालांपैकी पहिल्या भागातला एक हान्स लेओ हास्लरच्या चालीवर आहे. आजच्या श्रोत्याला ती चाल येशूच्या क्रूसमरणाच्या स्तोत्राची म्हणून माहीत असते, कारण 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये ती पुन्हा पुन्हा येते. म्हणून अनेक संचालक तो कोराल दाटून आलेल्या गळ्याने गाऊन घेतात: पाळण्यापाशीच क्रूसाची सावली. पण लाइपझिगमध्ये ती चाल एकाहून अधिक स्तोत्रांना लावली जाई, तिला एकच अर्थ चिकटलेला नव्हता. तिला तिच्या स्वाभाविक वेगाने चालू देणारे संचालक अधिक विश्वासू ठरतात.

एवढ्यानंतर खरी कसोटी उरते ती चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागांची. जर्मनीत अनेक ठिकाणी मैफलीत पहिले तीनच भाग होतात आणि पुढचे क्वचित, त्यामुळे गायकांच्या गळ्यात ते कमी मुरलेले असतात. चौथ्यात ट्रंपेटांऐवजी शिंगे आहेत, पट्टी वेगळी, उजेड वेगळा. त्यातल्या प्रतिध्वनीच्या आरियेत एक सोप्रानो प्रश्न विचारते आणि दुसरा आवाज दुरून होकार-नकार देतो, ओबोही तेच करतो. स्टिरिओ आल्यापासून त्या दुसऱ्या आवाजाला कोणत्या कोपऱ्यात आणि किती लांब उभे करायचे यावर प्रत्येक तंत्रज्ञाने आपले डोके चालवले आहे. फार लांब ठेवला तर तो गंमत होतो, फार जवळ ठेवला तर आरियेचा अर्थच जातो. पाचवा भाग साध्या रविवारचा, म्हणून त्यात पितळी वाद्येच नाहीत; घाईघाईने पुढे जाणाऱ्या मुद्रणात तो फिका पडतो. रिकार्डो शायीने २०१० मध्ये लाइपझिगच्याच गेवांडहाउस वाद्यवृंदाकडून आधुनिक वाद्यांवर, पण अतिशय वेगाने ही कृती करून घेतली. तिथे पहिले तीन भाग झळाळतात आणि पाचव्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. हार्नोन्कूरने पस्तीसेक वर्षांनी, २००६-०७ मध्ये, व्हिएन्नात पुन्हा हीच कृती मुद्रित केली. या वेळी सोप्रानो आणि आल्टो स्त्रिया होत्या, मुलांच्या वृंदाची जागा आर्नोल्ड शोनबर्ग कॉयरने घेतली होती, आणि आपलाच जुना आग्रह त्याने बाजूला ठेवला होता. त्या मुद्रणात सहाही भागांचे रंग एकमेकांपासून वेगळे राहतात: पहिल्याचा थाट, दुसऱ्याचे माळरान, चौथ्याची मऊ शिंगे, पाचव्याचे घरगुती वातावरण.

सहावा भाग ज्या कोरालने संपतो त्याची चाल पहिल्या भागातलीच, हास्लरची आहे. इथे मात्र तिच्याभोवती ट्रंपेट आणि टिंपनी आहेत, आणि पहिला ट्रंपेट जवळजवळ एकल वाद्यासारखा तिच्यावरून उड्या घेत जातो. भागाच्या शेवटाशी येईपर्यंत वादकाचे ओठ थकलेले असत आणि याच जागी बाखने त्याला सर्वांत अवघड भाग दिला. स्टुडिओत हा भाग ताज्या दमाने, हवा तितक्या वेळा वाजवून घेता येतो. त्यामुळे चुका नाहीशा होतात, आणि पुष्कळ मुद्रणांत त्यांच्याबरोबर त्या जागेचा ताणही नाहीसा झालेला आहे.